गोणपाटाआडचा गिलावा

रोक्कावियाच्या चौकातल्या जुनो या रोमन देवीच्या देवळाचे खांब सेत्तिमिओ मिस्त्रीने वाचवले, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच खांबांना आता सेत्तिमिओ मिस्त्रीचंच काम भोवतंय, हे मात्र कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ते बोलायची वेळ आली त्याच्या पोटच्या लेकीवर, एर्सिलियावर. नशीब बघा बिचारीचं.

देऊळ म्हणजे काय उरलंय, तर समोरचे चार उंच खांब, त्यांच्या डोक्यावर दगडी तुळई आणि तिच्यावर त्रिकोणी कपाळपट्टी. मागच्या गाभाऱ्याचं फार पूर्वीच चर्च झालं, म्हणून तर एवढं तरी टिकलं. नाहीतर आमच्या पूर्वजांनी ते दगड उचलून डुकरांचे गोठे बांधले असते. खांब आमच्याच डोंगरातल्या करड्या, भोकाभोकांच्या दगडाचे. दिसायला अगदीच दरिद्री. म्हणून त्या काळच्या लोकांनी त्यांच्यावर चुन्याचा आणि संगमरवराच्या पुडीचा गिलावा चढवला, त्यात खालपासून वरपर्यंत उभ्या पन्हळी काढल्या, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की अख्खा खांब संगमरवरी आहे. खिशात नसताना आव आणायची आमच्या गावाची खोड दोन हजार वर्षांची आहे, ती अशी.

सेत्तिमिओ तिशीत होता तेव्हा एका कडक हिवाळ्यानंतर तो गिलावा सुटायला लागला. तेव्हाच्या पाद्रीबाबांनी त्याला बोलावलं. सेत्तिमिओने चारही खांबांभोवती लाकडी परांची बांधली, परांचीला गोणपाटाचे पडदे लावले आणि उन्हाळाभर एकटा आत काम करत राहिला. कुणाला आत सोडायचा नाही. मदतीला माणूस घेतला नाही, बायको जेवण घेऊन आली तर डबा दोरीने वर ओढायचा. पडदे निघाले त्या दिवशी सगळं गाव चौकात जमलं होतं. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे सांगा, अशी पैज लागली, आणि एकालाही सांगता आलं नाही. त्या दिवसापासून तो नुसता सेत्तिमिओ राहिला नाही, मिस्त्री झाला. पडद्याआड त्याने काय जादू केली यावर लोक अजून बोलतात. घराण्याचं गुपित असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

जादू वगैरे काही नव्हती. त्याने चुन्यात सिमेंट मिसळलं होतं. त्याला दोष कशाला द्यायचा, त्या काळी सिमेंट म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. पुढे कुणीतरी शहाण्यांनी येऊन सगळ्या खांबांवर पाणी न शोषणारा लेप मारला, तेही चांगल्या हेतूनेच. आता झालं होतं असं, की सिमेंटची ठिगळं दगडासारखी घट्ट, शेजारचा जुना चुना मऊ. आत शिरलेलं पाणी ठिगळामागे अडायचं, थंडीत गोठून फुगायचं, आणि ठिगळ जागचं हलायचं नाही, पण शेजारचा दोन हजार वर्षांचा गिलावा मात्र पापुद्रे सोडत खाली यायचा.

एर्सिलिया एकोणिसाव्या वर्षी गाव सोडून रोमला गेली होती. शिकायची होती तीही गिलाव्याचीच विद्या, पण बापाने तिला कधी परांचीवर पाऊल ठेवू दिलं नव्हतं. पोरीची जात, पडशील, म्हणायचा. मग तिने रोमला जाऊन पडायचं ठरवलं. आता पन्नाशी उलटलेली, जुन्या वास्तूंच्या गिलाव्यात तिचा शब्द मानला जायचा, आणि रोक्कावियाच्या देवळाचं काम निघालं तेव्हा तिने ते मागून घेतलं. काम सांगायला सोपं होतं. बापाची ठिगळं बारीक छिन्नीने काढायची, जुन्या गिलाव्याला धक्का लावायचा नाही, आणि खड्डे निव्वळ चुन्याने भरायचे.

पण काढायचं तर आधी ओळखायला हवं ना. तिने खांब बोटांनी ठोकून पाहिले, उष्णता दाखवणारा कॅमेरा लावला, पाणी शिंपडून पाहिलं. त्या मेल्या लेपाने सगळं सारखंच करून ठेवलं होतं. सगळीकडून एकच उत्तर यायचं, म्हणजे कुठूनच यायचं नाही.

पुरातत्त्व कचेरीतून कामावर देखरेख करायला ब्रुनेरीबाई येत. हाडाच्या चांगल्या, पण कागदाच्या पक्क्या. त्या पहिल्याच महिन्यात म्हणाल्या, "एर्सिलिया, तपासणीसाठी तुकडा काढायची परवानगी दोन ठिकाणी आहे. तिसऱ्या ठिकाणी मी छिन्नी लावू देणार नाही. आणि पाणी गोठायला लागायच्या आत ठिगळांचा नकाशा माझ्या हातात नसेल, तर खांब पेटीत जातील."

"पेटीत म्हणजे किती दिवस?"

"पुढची सोय होईपर्यंत."

पुढची सोय म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या गावातला कारंजा असाच लाकडी पेटीत बंद झाला होता. त्या गावात आता अशी माणसं लग्नं करून मोकळी झालीत ज्यांनी स्वतःच्या चौकातला कारंजा कधी पाहिलेला नाही. ज्या देवळाच्या पायऱ्यांवर एर्सिलिया रांगली, त्याच्यावर फळ्या ठोकायला आपणच कारण व्हायचं, हे तिला सहन होणारं नव्हतं.

एक माणूस सांगू शकत होता. आणि तो माणूस रोज दुपारी तिच्याच समोर बसून जेवत होता.

"बाबा," ती एका दुपारी म्हणाली. घेवड्याच्या दाण्यांचं दाट सार आणि पास्ता ताटात होता, तिचे बाबा पाव मोडत होते. "तुम्ही ठिगळं कुठे कुठे मारलीत, तेवढं सांगा ना."

"तू रोमला जाऊन शिकलीस ना? मग ओळख की."

"नाही ओळखता येत."

"मग?" सेत्तिमिओने पाव सारात बुडवला. "अशी तक्रार जगात कुणी केली असेल का गं? काय, तर म्हणे काम इतकं चांगलं झालंय की ओळखू येत नाही."

"तुमच्या वेळी ते चांगलं होतं. आता नियम उलटा आहे. लांबून खुपायला नको, पण जवळ गेल्यावर नवं ते नवं दिसलंच पाहिजे."

"म्हणजे मुद्दाम वाईट करायचं. वा. यासाठी शाळा लागते."

"बाबा, तुमचं सिमेंट खांब फोडतंय."

बोलून गेली आणि तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. सेत्तिमिओने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि उठला. उरलेलं सार तसंच थंड झालं. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. विचारलं तर हुं, नाहीतर तेही नाही. रोज सकाळी घरातून निघायचा, देवळासमोर थोडा वेळ उभा राहायचा, मान वर करून बघायचा आणि समोरच्या नाझारेनोच्या बारमध्ये पत्ते खेळायला जाऊन बसायचा. परांचीकडे पाठ करून.

एर्सिलियाला वाटायचं, काय हा ताठा. चार खांब गेले तरी चालतील, पण आपलं कौतुक कमी व्हायला नको. रागाने ती रात्री कूस बदलत राहायची आणि सकाळी पुन्हा परांचीवर चढायची.

सर्व संतांचा सण जवळ आला तशी हवा बोचरी झाली. एका सकाळी ती वर जात असताना तिसऱ्या खांबाचा एक तुकडा सुटला. फार मोठा नाही, तळहाताएवढा. खाली अंथरलेल्या फोमवर पडला म्हणून अखंड राहिला. एका बाजूला पन्हळीची कड होती, धारदार, काल घासल्यासारखी. एर्सिलियाने तो उचलला, दोन्ही हातांत धरला आणि सरळ चौक ओलांडून बारमध्ये गेली. पत्त्यांचा डाव चालू होता. तिने पत्ते बाजूला सारले आणि तुकडा बापाच्या पुढ्यात ठेवला.

"हा तुमचा की त्या जुन्या लोकांचा?"

नाझारेनो कॉफीच्या यंत्रामागून बाहेर आला. तो बारचा मालक आणि सेत्तिमिओचा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणजे त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

सेत्तिमिओने तुकडा उचलला. पालथा केला, उताणा केला, कडेवरून अंगठा फिरवला. मग तो म्हणाला, "मला वर ने."

"आत्ता?"

"नाहीतर कधी? मी मेल्यावर?"

एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला परांचीवर चढवणं म्हणजे काय, ते एर्सिलियालाच ठाऊक. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो थांबायचा, दम घ्यायचा, तिने हात धरला की झटकायचा. तिसऱ्या खांबाच्या मध्यावरच्या फळीवर तो पोचला तेव्हा कपाळावर घाम होता. त्याने खांबाला हात लावला. मग नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन पाहिलं. एका जागी बोट ठेवलं, "इथे," म्हणाला. मग बोट उचललं. "नाही. इथे." पुन्हा उचललं. फळीवरून दोन पावलं पुढे गेला, दोन मागे आला. एर्सिलिया हातात खडू घेऊन उभी होती. खडू तसाच राहिला.

"मला नाही ओळखता येत, एर्सी," तो म्हणाला.

तिला आधी वाटलं, हा अजून खेळ करतोय. मग तिने त्याचा चेहरा पाहिला.

"कधीपासून?"

"तू काम घ्यायच्या आधीपासून. रोज सकाळी खालून बघतो. वाटतं, आज आठवेल. तेव्हा पैज जिंकलो होतो ना मी. कुणालाच येत नाही म्हणून इतकी वर्षं मान डोलावत आलो. आता मलाही येत नाही." तो उलट्या बादलीवर बसला. "तू विचारलंस तेव्हा काय सांगू? की बापाने देऊळ बिघडवलं, आणि कुठे बिघडवलं तेही विसरला?"

एर्सिलिया त्याच्या शेजारी फळीवरच बसली. एवढे दिवस ज्याला ती ताठा समजत होती ती निव्वळ भीती होती, आणि ती भीती घेऊन म्हातारा रोज पत्ते कुटत होता. तिला त्याची फार दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. मग ती कामाचंच बोलली.

"बरं, कुठे ते राहू द्या. कसं केलंत ते तरी दाखवा. मला कधी दाखवलंच नाहीत."

पन्हळीसाठी गोल पाठीची लाकडी थापी लागते. तिने आपली थापी त्याच्या पुढे धरली, एका फळकुटावर ओला चुना पसरून दिला. सेत्तिमिओने थापी घेतली, पण काही करेना. तो चौकाकडे बघत होता. खाली बारच्या दारात नाझारेनो आणि चार टोळभैरव माना वर करून उभे होते.

"पडदा ओढ," तो म्हणाला.

"इथे काय पडद्याचं?"

"ओढ म्हणतो ना."

तिने परांचीची ताडपत्री सोडली. आत अंधारल्यासारखं झालं. सेत्तिमिओने थापी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, आणि एका दमात खालून वर ओढली. शेवटाला मनगट हलकेच वळलं, थापी सुटली, आणि चुन्यात पन्हळ उमटली ती अशी, की एर्सिलिया बघत राहिली.

"तुम्ही डावखुरे आहात?"

म्हाताऱ्याने थापीवरचा चुना पुसला.

"बाबा, तुम्ही लिहिता उजव्याने. जेवता उजव्याने. मी उभ्या जन्मात तुम्हाला डाव्या हाताने ग्लास उचलताना पाहिलेलं नाही."

"कशी पाहशील? मठातल्या शाळेत सिस्टर आग्नेसे माझा डावा हात बाकाला बांधून ठेवायची. सैतानाचा हात म्हणायची. उजव्याने लिहायला शिकलो, जेवायला शिकलो, छातीवर क्रूस काढायला शिकलो. पण गिलावा काही ऐकेना. उजव्याने मारला की शेणाने सारवल्यासारखा दिसायचा." तो चुन्याकडे बघत बोलत होता. "त्या वेळी डावऱ्याने लावलेला गिलावा घराला लाभत नाही असं बायका म्हणायच्या. घराचं असं, तर देवाच्या दाराचं काय? पाद्रीबाबांनी हाकलून दिलं असतं मला."

"म्हणून गोणपाट."

"म्हणून गोणपाट. तुझ्या आईलाही लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. आणि तुला वर येऊ देत नव्हतो ते पडशील म्हणून नव्हतं."

एर्सिलियाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. सगळं गाव ज्याला घराण्याचं गुपित समजत होतं ते हे. तिने नाक पुसलं, आणि मग तिची नजर पुन्हा त्या ओल्या पन्हळीवर गेली. मनगट वळलं होतं तिथे चुन्यातल्या कणांनी बारीक ओरखडे काढले होते, आणि त्या ओरखड्यांचं शेपूट डावीकडे गेलं होतं.

"बाबा, पुन्हा एकदा ओढा."

त्याने ओढली. शेपूट डावीकडे. तिने थापी घेतली आणि स्वतः उजव्या हाताने ओढली. शेपूट उजवीकडे.

तिने हातदिवा पेटवला आणि खांबाला अगदी चिकटवून आडवा धरला. आडव्या उजेडात बारीकसारीक सगळं उठून दिसतं. हे ओरखडे तिने पूर्वीही पाहिले होते. शेकडो होते, आणि कुठलाच अर्थ नव्हता. आता ती एकेका शेपटाकडे बघत गेली. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. मग एका जागी, दोन पन्हळींच्या मधोमध, डावीकडे. त्याच्या बाजूला पुन्हा उजवीकडे. पाण्यात बेट असावं तसं डाव्या ओरखड्यांचं एक बेट होतं.

"हा माझा," सेत्तिमिओ तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. आवाज एकदम तरणा झाला होता. "अगं हाच तो. इथे खाली मधमाश्यांचं पोळं होतं, चावल्या होत्या मला. काढ रेघ."

तिने खडूने रेघ काढली. मग दुसरं बेट सापडलं, मग तिसरं. म्हातारा बादलीवरून उठून कधी उभा राहिला हे दोघांनाही कळलं नाही. "हाही माझा. आणि हा बघ, केवढा थोरला, मेला," असं स्वतःलाच शिव्या घालत तो दिवा धरत होता आणि ती रेघा काढत होती. त्या दिवशी जेवायला घरी कुणी गेलं नाही.

सगळ्या खांबांचा नकाशा व्हायला बरेच दिवस लागले. सेत्तिमिओ त्या एका दिवसाने इतका थकला की पुन्हा वर चढेना, तेव्हा बाकीचं एर्सिलियाने एकटीने केलं. ब्रुनेरीबाई आल्या, त्यांनी दिवा आडवा धरून पाहिलं, पण त्यांचा चेहरा काही हलला नाही.

"ओरखड्यांवरून मी खांबाला छिन्नी लावू द्यायची?" त्या म्हणाल्या. "दोन तुकडे आहेत तुमच्याकडे. खात्री करून द्या."

पहिला तुकडा खालच्या एका बेटातून काढला. दुसरा कुठून काढायचा हे ब्रुनेरीबाईंनीच ठरवलं. पहिल्या खांबाच्या अगदी वर, शीर्षाच्या खाली, हातभर उंचीचा पट्टा सगळा डाव्या ओरखड्यांचा होता. तिथून.

निकाल आला त्या सकाळी गाड्यांच्या काचांवर पहिलं हिम धरलं होतं. खालचा तुकडा सिमेंटचा. वरच्या तुकड्यात सिमेंटचा कणही नाही. चुना, संगमरवराची पूड, डोंगरातली तांबडी वाळू, सगळं जुन्या काळचं. एर्सिलियाने तो भाग छिन्नीने काढला असता तर देवळाचा अस्सल गिलावा गेला असता.

"बघा," ब्रुनेरीबाई म्हणाल्या, आणि त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "ओरखडे एकदा खरे बोलले आणि एकदा खोटे. मी यावर सही करू शकत नाही. सुतारांना सोमवारी बोलावते."

एर्सिलिया बारमध्ये गेली आणि बापासमोर बसली. तिने त्याला सगळं सांगितलं.

"वर?" सेत्तिमिओ म्हणाला. "शीर्षाच्या खाली?"

"हो. सगळा पट्टा डाव्या हाताचा आहे."

"मी तिथे गेलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"अगं, माझी परांची तिथवर पोचत नव्हती. वरचा गिलावा चांगला होता, त्याला कशाला हात लावू? आणि उंचीची मला तेव्हाही भीतीच वाटायची." नाझारेनोच्या हातातला कप तसाच राहिला, कारण भीतीचंही तो पहिल्यांदाच ऐकत होता.

एर्सिलिया धावतच वर गेली. तिने दिवा धरला आणि या वेळी ओरखडे नाही, कडा शोधल्या. खालच्या प्रत्येक बेटाला कड होती, जुन्या गिलाव्याला नवं जिथे भिडलं होतं ती. वरच्या पट्ट्याला कडच नव्हती. तो खांबाला सगळीकडून वेढून सलग गेला होता, एका माणसाचं एका दिवसाचं काम, कुठेही जोड नाही, आणि खाली दुसऱ्या दिवशीच्या कामात मिसळून गेला होता. ती दुसऱ्या खांबावर गेली. तिथेही वर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावरही.

ब्रुनेरीबाई अजून गेल्या नव्हत्या, चौकात सुतारांना फोन लावत होत्या. एर्सिलियाने त्यांना हात धरून वर नेलं. दिवा त्यांच्याच हातात दिला.

"ठिगळाला कड असते," ती म्हणाली. "कड असेल तिथे बाबा. इथे कड नाही. इथे त्या जुन्या कारागिरांतलाच कुणीतरी डावखुरा होता. चारही खांबांवर वरचा पट्टा त्यालाच दिला होता."

ब्रुनेरीबाईंनी चारही खांब स्वतः पाहिले. हळूहळू, एकही न गाळता. खाली आल्यावर त्यांनी बॅगेतून पेन काढलं, नकाशावर सही केली आणि पेटीचा कागद दुमडून परत आत ठेवला. "हिवाळ्यापुरतं चांगलं झाकून घ्या," एवढंच म्हणाल्या. "वसंतात छिन्न्या लावा." मग जाता जाता वळून विचारलं, "मिस्त्रींनी ते पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं. सेत्तिमिओला शेवटपर्यंत वर चढवायला तासभर लागला. उंचीची भीती होती ती होतीच. शेवटच्या जिन्यावर त्याने डोळे मिटून घेतले होते. वर पोचल्यावर एर्सिलियाने दिवा धरला. त्याने ओरखड्यांकडे पाहिलं, मग डावा हात उचलून त्या पट्ट्यावर ठेवला. ज्या बाजूला त्या जुन्या कारागिराचं मनगट वळलं होतं त्या बाजूला त्याचं मनगट आपोआप वळलं.

"त्यालाही पडदा लावावा लागला असेल का गं?" त्याने विचारलं.

"ठाऊक नाही, बाबा."

"नसेल," तो म्हणाला. "चार खांब दिले त्याला. सगळ्यांसमोर दिले असणार."

वसंतात ठिगळं निघाली. चिवट होती, एर्सिलियाचे हात भरून यायचे. एक लांबट तुकडा नाझारेनोने मागून घेतला आणि पत्त्यांच्या लंगड्या टेबलाखाली घातला. सिमेंट शेवटी कामाला आलं म्हणून तो गावभर सांगत सुटला. सेत्तिमिओने मनाला लावून घेतलं नाही. बाप पुन्हा दुपारी समोर बसून जेवू लागला होता आणि चुना किती दिवस मुरवावा यावर लेकीशी भांडूही लागला होता, तेव्हा घरात सगळं ठीक होतं असं समजायला हरकत नव्हती.

खड्डे भरायचे दिवस आले तेव्हा एर्सिलियाने तिसऱ्या खांबाचा खालचा खड्डा राखून ठेवला. जमिनीवर उभं राहून हात पोचेल असा, चौकाच्या अगदी समोर. फक्त चुना, आणि जुन्यापेक्षा केसभर आत, म्हणजे जवळ आलेल्याला कळेल. तिने थापी बापाला दिली आणि ताडपत्रीची दोरी धरली.

"ओढू?"

सेत्तिमिओने चौकाकडे पाहिलं. रविवार होता. चर्च नुकतं सुटलेलं, निम्मं गाव तिथेच घोटाळत होतं.

"राहू दे," तो म्हणाला, आणि थापी डाव्या हातात घेतली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बारच्या दारातून नाझारेनोचा आवाज आला. "अरे सेत्तिमिओ, लेका, चुकीच्या हातात धरलीस थापी."

"बरोबर हातात आहे."

"मग इतकी वर्षं माझ्याशी पत्ते कुठल्या हाताने खेळलास?"

"उजव्याने. म्हणून तर हरत आलो."

चौकात हशा पिकला. एक म्हातारी पुढे येऊन बघत उभी राहिली. तिने छातीवर क्रूस काढला, पण गेली नाही, शेवटपर्यंत थांबली. सेत्तिमिओने पन्हळ ओढली, मनगट वळवलं, पुन्हा ओढली. घाईने काही केलं नाही. काम झालं तेव्हा चुना ओला, पांढरा, जुन्यापेक्षा केसभर आत होता.

"आता साल टाका," एर्सिलिया म्हणाली आणि त्याच्या हाती खिळा दिला. "नियम आहे. नव्या कामावर साल लिहायचं, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको."

सेत्तिमिओने खिळा उजव्या हातात धरला, रोजच्यासारखा. मग थांबला, आणि तो डाव्या हातात घेतला. त्या हाताने त्याने सहा वर्षांचा असल्यापासून एक अक्षर लिहिलं नव्हतं. आकडे वाकडेतिकडे आले, एक खाली घसरला, एक उलटाच निघाला. पहिलीतल्या पोराचे असावेत तसे. त्याने फुंकर मारून चुन्याचा चुरा उडवला आणि लेकीकडे वळला.

"हे तरी ओळखू येईल ना कुणाला?"

"येईल, बाबा," एर्सिलिया म्हणाली. "हे तुमचं आहे, कुणीही ओळखेल."